पंच कोणी व्हायचे आणि सूट कोणाला, हे लिहून ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१७ ऑगस्ट २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचे कोल्हापुरात उद्घाटन झाले आणि दुसऱ्याच दिवशी सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत कामकाज सुरू झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतील वकिलांनी आणि पक्षकारांनी कित्येक वर्षे चिकाटीने चालवलेल्या लढ्याचे ते फळ आहे, आणि ज्यांनी अपिलाच्या एकेका तारखेसाठी रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली आहे त्यांनाच त्याचे खरे मोल कळेल. परंतु उच्च न्यायालयापर्यंत जाणारा प्रत्येक फौजदारी खटला आधी खालच्या न्यायालयात उभा राहतो, आणि तिथे तो पंच, म्हणजे झडती-जप्तीच्या वेळी हजर राहून पंचनाम्यावर सही करणारे नागरिक, आणि साक्षीदार यांच्या शब्दावर उभा राहतो. हे काम कोणाकडून करून घ्यायचे, कोणाला त्यातून सूट द्यायची आणि ती सूट कोणी द्यायची, याविषयी आपल्याकडे कोणतीही लेखी व्यवस्था नाही. या विषयाकडे जिल्ह्यातील न्यायव्यवस्थेचे, पोलिस प्रशासनाचे आणि वाचकांचेही लक्ष वेधावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

कायदा काय सांगतो ते आधी पाहू. झडतीच्या वेळी त्याच परिसरातील दोन किंवा अधिक स्वतंत्र आणि प्रतिष्ठित रहिवाशांना पंच म्हणून बोलवावे, असे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०० मध्ये होते, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०३ मध्येही तेच कायम आहे. पोलिसांनी लेखी आदेश दिल्यावरही वाजवी कारणाशिवाय कोणी नकार दिला, तर तो गुन्हा ठरतो. म्हणजे पंच होणे हे उपकाराचे काम नसून कायद्याने लावलेले नागरिकाचे कर्तव्य आहे. मात्र वाजवी कारण कोणते, हे कायद्यात कुठेही सांगितलेले नाही. घरी तापाने फणफणलेले मूल असणे, हे वाजवी कारण आहे का? दुसऱ्या दिवशी परीक्षा असणे? दिवसाची मजुरी बुडणे? हे सारे त्या क्षणी समोर उभ्या असलेल्या अंमलदाराच्या मर्जीवर सोडलेले आहे. लेखी आदेशाचे म्हणाल, तर व्यापारपेठेत इतकी वर्षे काढूनही असा कागद मी कोणाच्या हातात पाहिलेला नाही.

लक्ष्मीपुरीत माझे हार्डवेअरचे दुकान आहे. शेजारच्या एका गोदामात चोरी झाली, तेव्हा दुकान बंद करण्याच्या वेळेला हवालदार आले आणि म्हणाले, "मालक, पाच मिनिटं या, फक्त सही करायची आहे." मी गेलो. पंचनामा एका उलट्या ठेवलेल्या क्रेटवर, मोबाइलच्या उजेडात लिहिला गेला. तोडलेले कुलूप आणि एक लोखंडी पहार खाकी कागदात गुंडाळली, दोऱ्याने बांधली, गाठीवर लाख ओतून मोहोर उठवली आणि आत आम्हा दोघा पंचांच्या सह्यांच्या चिठ्ठ्या घातल्या. काम व्यवस्थित झाले, पोलिसांनी अदबीने वागवले, त्याविषयी माझी तक्रार नाही. काही वर्षांनी न्यायालयाचे समन्स आले. मी वेळेवर हजर झालो, कोर्टहॉलबाहेरच्या बाकावर बसून राहिलो, दुपारनंतर पुकारा झाला आणि आरोपीच्या वकिलांनी मुदत मागितल्यामुळे पुढची तारीख पडली. असे पुन्हा पुन्हा घडले. शेवटी साक्ष झाली तेव्हा ती चिठ्ठी माझ्या हातात देऊन "ही सही तुमचीच का?" असे विचारले गेले, आणि उलटतपासणीत वकिलांनी पहारेची लांबी, उजेडाची दिशा आणि गाठींची संख्या विचारली. त्यातले जे आठवत होते ते मी सांगितले आणि जे आठवत नव्हते ते आठवत नाही म्हणून सांगितले.

मला दुकानाचा आधार आहे, मुलगा गल्ल्यावर बसू शकतो. माझ्याबरोबरचे दुसरे पंच मात्र हातगाडीवर फळे विकणारे गृहस्थ होते. त्यांच्या प्रत्येक फेरीला त्यांची गाडी दिवसभर बंद राहत होती आणि आदल्या दिवशी भरलेला माल खराब होत होता. साक्षीदाराला वाजवी खर्च देण्याची तरतूद कायद्यात आहे. पण ती आपल्यासाठी आहे हे त्यांना कोणी सांगितले नव्हते, आणि मागायची कोणाकडे हे मलाही नीट ठाऊक नव्हते. त्यांना पंच म्हणून का निवडले गेले, हे विचारायची गरजच नव्हती. ज्याची गाडी उद्या उचलली जाऊ शकते, तो पोलिसांना नाही म्हणत नाही. टपरीवाला, रिक्षाचालक, लॉजचा मॅनेजर, वॉचमन, फुटपाथवरचा चांभार अशा लोकांच्या सह्या आपल्या शहरातील पंचनाम्यांवर दिसतात त्या याच कारणाने. त्याच रस्त्यावरून जाणारे डॉक्टर, प्राध्यापक, बँकेतील अधिकारी, कारखानदार यांना एक तर कोणी थांबवत नाही, किंवा थांबवले तरी "मीटिंग आहे" एवढे सांगून ते निघून जाऊ शकतात. सूट आपल्याकडेही मिळते, पण ती वजन पाहून मिळते.

यातून पुढे जे होते ते न्यायालयात रोज दिसते. एकच माणूस अनेक पंचनाम्यांत सापडला की बचाव पक्षाचे वकील त्याला पोलिसांचा सवयीचा पंच ठरवतात, आणि त्याची साक्ष कितीही खरी असली तरी तिच्यावर सावली पडते. तारखांना कंटाळलेला पंच एखाद्या दिवशी "मला काही दाखवले नाही, कोऱ्या कागदावर सही घेतली" असे सांगून मोकळा होतो, म्हणजेच फितूर होतो. आपण त्याला दोष देतो, पैसे खाल्ले असतील म्हणतो. काहींनी खाल्लेही असतील. पण जो माणूस आपखुशीने आला नव्हता, ज्याला कोणी विचारले नव्हते, ज्याचा रोजगार बुडला आणि ज्याला बसायला धड जागाही मिळाली नाही, त्याने वर्षानुवर्षे खंबीर राहावे ही अपेक्षा आपण कशाच्या जोरावर करतो? साक्षीदाराला दिवसभर ताटकळत ठेवून खटला तहकूब केला जातो, त्याला बसायला जागा नाही, प्यायला पाणी नाही, स्वच्छतागृह नाही, ही खंत सर्वोच्च न्यायालयाने २००० साली स्वरन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या निकालात स्पष्ट शब्दांत व्यक्त केली आहे. त्यानंतर पाव शतक उलटले.

हा विषय माझ्या डोक्यात पक्का बसला तो माझ्या पुतण्याला अमेरिकेत आलेल्या ज्यूरीच्या समन्समुळे. ज्यूरी म्हणजे खटला ऐकून आरोपी दोषी की निर्दोष हे ठरवणारे सामान्य नागरिकांचे मंडळ. तो तिकडचा नागरिक झाला आणि काही दिवसांनी त्याला तेथील संघीय न्यायालयाकडून एक प्रश्नावली आली. तुम्ही नागरिक आहात का, अठरा वर्षे पूर्ण झाली आहेत का, या न्यायालयाच्या हद्दीत वर्षभर राहत आहात का, इंग्रजी पुरेसे येते का, काम करता येणार नाही असा काही शारीरिक वा मानसिक आजार आहे का, तुमच्यावर गंभीर गुन्ह्याचा खटला चालू आहे का किंवा अशा गुन्ह्यात शिक्षा झालेली आहे का, असे त्यातले प्रश्न. त्याने ती भरून पाठवली, पुढे समन्स आले, नेमके त्याच वेळी कार्यालयात महत्त्वाचे काम होते म्हणून त्याने तारीख पुढे मागितली आणि ती लेखी मंजूर झाली. दूरध्वनीवर हे सांगताना त्याला त्यात विशेष काही वाटत नव्हते. मला मात्र वाटले, आणि मी त्या नियमांची माहिती मिळवून वाचली.

अमेरिकेत १९६८ मध्ये झालेल्या कायद्याने संघीय न्यायालयांची ज्यूरी मुख्यतः मतदारयाद्यांतून सोडतीने निवडली जाते. सक्तीने वगळलेले वर्ग मोजकेच आहेत. प्रत्यक्ष सेवेत असलेले सैनिक, व्यावसायिक अग्निशमन आणि पोलिस दलातील लोक, आणि पूर्णवेळ सार्वजनिक पदावर असलेले अधिकारी. सत्तरी ओलांडलेल्यांना किंवा गेल्या दोन वर्षांत हे काम केलेल्यांना अनेक न्यायालये मागणी केल्यास सूट देतात. इतर कोणाला अडचण असेल तर त्याने ती लेखी मांडायची, आणि अवाजवी त्रास किंवा टोकाची गैरसोय होते असे न्यायालयाला पटले तर तात्पुरती सुटका मिळते. ज्युरराला रोजचे पन्नास डॉलर मिळतात, लांबलेल्या खटल्यात ते साठपर्यंत जातात. ही रक्कम तिकडच्या मानाने मोठी नाही. पण ज्यूरीसाठी गेला म्हणून नोकरीवरून काढता येणार नाही, असे मालकांना कायद्याने बजावलेले आहे. आणि विनाकारण गैरहजर राहणाऱ्याला एक हजार डॉलरपर्यंत दंड किंवा तीन दिवसांपर्यंत कैद होऊ शकते. कर्तव्य, सवलत, मोबदला, संरक्षण आणि शिक्षा, सगळे एकाच ठिकाणी लिहिलेले आहे.

तिथेही हे सहज घडले नाही. लुइझियाना राज्यात स्त्रियांनी स्वतःहून नाव नोंदवले नसेल तर त्यांना ज्यूरीच्या यादीत घेतलेच जात नसे. वरवर पाहता ती स्त्रियांना दिलेली सवलत होती, प्रत्यक्षात ज्यूरीत स्त्रिया जवळपास नसतच. १९७५ मध्ये टेलर विरुद्ध लुइझियाना या निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती पद्धत घटनाबाह्य ठरवली. इंग्लंडची गोष्ट तर आपल्याला अधिक जवळची, कारण आपले कायदे तिथून आले. तिथे कितीतरी वर्षे डॉक्टर, खासदार, सैनिक यांना हक्काने सूट होती आणि न्यायाधीश, वकील, पोलिस, धर्मगुरू यांना बोलावलेच जात नसे. लॉर्ड जस्टिस ऑल्ड यांनी २००१ मध्ये फौजदारी न्यायालयांविषयी दिलेल्या अहवालात या सवलतींवर बोट ठेवले, आणि पुढे झालेल्या कायद्याने एप्रिल २००४ पासून त्या जवळजवळ सगळ्या काढून टाकल्या. आज तिथे न्यायाधीशालाही ज्यूरीचे समन्स येऊ शकते. अडचण असेल तर काम पुढे ढकलून मिळते, पण पूर्ण सुटका सहजी मिळत नाही. सगळ्यांवर सारखा भार टाकायचा आणि ज्याला आज जमत नाही त्याला उद्याची तारीख द्यायची, हा त्यामागचा विचार मला फार मोलाचा वाटतो.

आपल्याकडे ज्यूरी होती तेव्हा सूट कोणाला हे निदान लिहिलेले तरी होते. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेप्रमाणे एकवीस ते साठ वयाचे पुरुष ज्युरर किंवा असेसर, म्हणजे न्यायाधीशाला सल्ला देणारे साहाय्यक, म्हणून काम करण्यास बांधील होते, आणि पुढच्याच कलमात सूट मिळणाऱ्यांची लांबलचक यादी होती. वरिष्ठ अधिकारी, न्यायाधीश, कमिशनर आणि कलेक्टर, पोलिस, धर्मोपदेशक, वैद्यकीय व्यवसाय करणारे, वकील, टपाल आणि तार खात्यातील नोकर, आणि शिवाय सरकार ज्यांना वगळील ते. अशी यादी वाचली की मनात पहिला प्रश्न येतो, मग उरले कोण? ज्यूरीत कोण बसतो यावर निकाल कसा फिरतो, हे तर मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्य टिळकांसमोर नऊ जणांची ज्यूरी होती, सात युरोपीय आणि दोन पारशी. ज्या मराठी लेखांवर तो खटला होता ते मराठीतून वाचू शकणारे त्यांत कितीसे असतील? निर्णय सात विरुद्ध दोन असा झाला आणि टिळक मंडालेला गेले.

ज्यूरीचा विषय निघाला की नानावटी खटल्याचे नाव निघतेच. १९५९ मध्ये ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी नौदल अधिकारी नानावटींना खुनाच्या आरोपातून निर्दोष ठरवले, सत्र न्यायाधीशांना ते पटले नाही म्हणून त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले, तिथे जन्मठेप झाली आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. त्या एका खटल्यामुळे ज्यूरी गेली असे सर्रास सांगितले जाते. वस्तुस्थिती अशी की विधी आयोगाने आपल्या चौदाव्या अहवालात, म्हणजे १९५८ मध्येच, ती बंद करावी अशी शिफारस केली होती, आणि १ एप्रिल १९७४ पासून नवी संहिता लागू झाली तेव्हा ती कायद्यातून पूर्णपणे गेली. आज तिची थोडीशी छाया उरली आहे ती पारशी विवाह आणि घटस्फोट कायद्यात, जिथे न्यायाधीशांना समाजातील पाच प्रतिनिधी साहाय्य करतात. ज्यूरी परत आणा असे माझे म्हणणे नाही. न्यायदानातला सामान्य नागरिकाचा वाटा मात्र ज्यूरीबरोबर संपला, असे आपण समजून चाललो आहोत, ते चुकीचे आहे. तो वाटा पंचाच्या आणि साक्षीदाराच्या रूपाने रोज वसूल होतो आहे. फक्त तो कोणाकडून वसूल व्हावा याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

सूट द्यायची इच्छा असली की आपला कायदा किती बारकाईने विचार करतो, याचे उदाहरण दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ मध्ये आहे. राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, लोकसभेचे अध्यक्ष, केंद्रातले आणि राज्यांतले मंत्री, राज्यपाल, सर्वोच्च आणि उच्च न्यायालयांचे न्यायाधीश, इतकेच काय, विलीन झालेल्या संस्थानांचे राजे, यांना न्यायालयात जातीने हजर राहण्यापासून सूट आहे आणि त्यांची साक्ष कमिशनमार्फत, म्हणजे न्यायालयाने नेमलेल्या व्यक्तीकडून, घेण्याची सोय आहे. त्या पदांचा मान राखण्याला माझा आक्षेप नाही. परंतु दुभत्या जनावरांची सकाळ-संध्याकाळची धार एकटीने काढून डेअरीला दूध घालणाऱ्या शाहूवाडीच्या बाईंना समन्स आले, तर त्यांनी काय करावे याचा विचार कोणत्या कलमात आहे? पोलिस तपासापुरती काही दखल नव्या संहितेने घेतली आहे. कलम १७९ प्रमाणे पंधरा वर्षांखालील आणि साठ वर्षांवरील व्यक्ती, स्त्रिया, अपंग व्यक्ती आणि तीव्र आजार असलेली व्यक्ती यांना जबाबासाठी घराबाहेर बोलावता येत नाही. ही चांगली तरतूद आहे, आणि ती किती जणांना माहीत आहे हे आपल्या आसपास विचारून पाहावे. पण ती तपासाच्या टप्प्यावर थांबते. न्यायालयाच्या समन्सला ती लागू होत नाही.

आमच्या भागात ऊसतोडणीचा हंगाम सुरू झाला की शेतकऱ्याचे सारे दिवस कारखान्याच्या तोडीवर टांगलेले असतात. टोळी फडात आली आणि मालक हजर नसला तर ऊस तुटतो खरा, पण वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, कुठे गेले, गाडी किती भरली, रस्ता कोणाच्या बांधावरून काढला, याला कोणी वाली राहत नाही, आणि टोळी परत गेली तर पुन्हा कधी येईल याची शाश्वती नसते. गगनबावड्याच्या किंवा राधानगरीच्या माणसाला त्या आठवड्यात साक्षीला बोलावले तर तो येत नाही, मग वॉरंट निघते, मग पोलिस दारात येतात आणि गावभर चर्चा होते. ज्याने गुन्हा पाहिला एवढाच ज्याचा गुन्हा, त्याच्या दारात वॉरंट! त्याला सूट नको असते. त्याला हवी असते महिनाभराने पुढची तारीख, आणि ती मागण्यासाठी वकील न लावता भरता येईल असा साधा अर्ज. समन्सच्या पाठीवर तो छापायला कितीसा खर्च येणार आहे?

लेखी आदेश, पर्यायी व्यवस्था आणि सूट मिळण्यासाठीचे अर्ज हे प्रकार आपल्या प्रशासनाला अपरिचित आहेत असेही नाही. निवडणुकीच्या कामासाठी शिक्षकांना आणि सरकारी कर्मचाऱ्यांना नेमणुकीचे लेखी आदेश मिळतात, प्रशिक्षणाच्या तारखा कळतात, मानधन मिळते, आजारपणाचे वा अन्य खरे कारण असेल तर अर्ज करता येतो आणि त्यावर निर्णय होतो. त्यात कुरबुरी असतात, वशिलाही चालतो, तरीही कोणाला बोलावले आणि कोणाला सोडले याचा कागद असतो. गंभीर गुन्ह्यांत सरकारी कर्मचाऱ्यांना पंच म्हणून घेण्याची पद्धत आपल्या राज्यात रुजते आहे, ती या अर्थाने चांगली आहे, कारण तिथे पंच सहसा नोकरीच्या जबाबदारीने उभा राहतो. पण त्याने प्रश्न सुटत नाही, नागरिकाचे काम फक्त कर्मचाऱ्यावर सरकते.

माझी मागणी अशी की आपल्या जिल्ह्याने यात पुढाकार घ्यावा. प्रत्येक पोलिस ठाण्याच्या हद्दीतील मतदारयादीतून सोडतीने पंचांची यादी तयार व्हावी. त्यात डॉक्टर, वकील, प्राध्यापक, उद्योजक, दुकानदार, शेतकरी, नोकरदार स्त्रिया, निवृत्त लोक असे सगळे यावेत, आणि ज्याचे काम एकदा झाले त्याला निदान दोन वर्षे पुन्हा बोलावू नये. ही यादी पोलिसांनी करू नये. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण ही न्यायालयाच्या देखरेखीखालील संस्था आहे, तिच्याकडे ही यादी असावी, म्हणजे सूट देण्याचा अधिकारही तपास करणाऱ्याच्या हातात राहणार नाही. पायावर उभे न राहू शकणारा वृद्ध, अंगावर पाजणारी आई, गंभीर आजारी माणसाची एकहाती शुश्रूषा करणारा, परीक्षेला बसलेला विद्यार्थी, आरोपीचा किंवा फिर्यादीचा नातेवाईक अथवा धंद्यातला भागीदार, यांची नावे सूट मिळणाऱ्यांच्या यादीत स्पष्ट लिहावीत. एखादा व्यवसायच्या व्यवसाय मात्र वगळू नये. शस्त्रक्रियेला उभ्या असलेल्या डॉक्टरला त्या रात्री कोणी बोलावणार नाही हे उघड आहे. पण डॉक्टर आहे म्हणून आयुष्यभर सूट, हे मला मान्य नाही, आणि विचारी डॉक्टरांनाही ते मान्य होणार नाही असा माझा विश्वास आहे.

यावर पोलिस अधिकारी म्हणतील की गुन्हा यादी पाहून घडत नाही, मध्यरात्री शिरोलीच्या नाक्यावर गाडी पकडली तर सोडतीतला पंच कुठून आणायचा? हा आक्षेप खरा आहे आणि त्याला पूर्ण उत्तर नाही. अशा वेळी जो जवळ असेल त्यालाच घ्यावे लागणार. पण बहुसंख्य पंचनामे असे अवचित होत नाहीत. घटनास्थळाचे, जप्तीचे, आरोपीने दाखवलेल्या जागेचे पंचनामे काही तासांची पूर्वसूचना देऊन करता येतात, आणि आता झडती व जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण नव्या संहितेच्या कलम १०५ ने बंधनकारक केले असल्याने सर्व तयारी करूनच जावे लागते. तयारीत एक दूरध्वनी वाढेल. यादी बाहेर फुटली तर पंचांवर दबाव येईल ही भीतीही रास्त आहे, म्हणून ती जाहीर न करता प्राधिकरण आणि ठाणे यांच्यापुरतीच ठेवावी. साक्षीदार संरक्षण योजनेला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये देशभर कायद्याचे बळ दिले. तिचा अर्ज कसा करायचा याची माहिती पंचाला सही करतानाच मिळाली पाहिजे.

न्यायालयांकडे माझी विनंती याहून साधी आहे. हजर असलेल्या साक्षीदाराला न तपासता, विशेष कारण नोंदवल्याखेरीज, तहकुबी देऊ नये, हे कायद्यात पूर्वीपासून आहे आणि नव्या संहितेतही आहे. त्याची अंमलबजावणी कठोरपणे व्हावी, आणि तहकुबी द्यावीच लागली तर त्या दिवशी आलेल्या साक्षीदाराचा खर्च ती मागणाऱ्यावर बसावा. साक्षीदाराला हजेरीचा दाखला आणि भत्ता त्याच दिवशी, न मागता, थेट बँक खात्यात मिळावा. दूरच्या तालुक्यांतील साक्षीदारांसाठी दृक्‌श्राव्य माध्यमातून साक्ष घेण्याची सोय वाढवावी. महाराष्ट्र राज्य विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई या आपल्याच राज्यातल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये तिला मान्यता दिली आहे, आणि आता तर राज्य सरकारने अधिसूचित केलेल्या ठिकाणाहून अशी साक्ष देता येते. गगनबावड्यात, चंदगडात, शाहूवाडीत अशी ठिकाणे असावीत, आणि ती पोलिस ठाण्यात नसावीत.

शेवटी मालकवर्गाविषयी, कारण मी स्वतः त्यात मोडतो. गोकुळ शिरगाव आणि शिरोलीच्या औद्योगिक वसाहतींत, आमच्या बाजारपेठेत, कामगार साक्षीला गेला की त्याचा खाडा धरला जातो. यावर कायदा येईल तेव्हा येईल. तोवर व्यापारी आणि उद्योजक संघटनांनी एकत्र बसून ठराव करावा की समन्स दाखवणाऱ्या कामगाराची त्या दिवसाची हजेरी भरपगारी लावली जाईल. माझ्या दुकानातील माणसांसाठी हा नियम मी लागू केला आहे. मोठ्या आस्थापनांना तो अजिबात जड जाणार नाही. संघटनांच्या पदाधिकाऱ्यांनी, जिल्हा बार असोसिएशनने आणि मा. प्रधान जिल्हा न्यायाधीश यांनी या विषयावर एकत्र बैठक घ्यावी आणि तिला पंच म्हणून काम केलेल्या दोन-चार सामान्य नागरिकांनाही बोलवावे, ही नम्र विनंती.

आपला,
एक दुकानदार वाचक,
लक्ष्मीपुरी, कोल्हापूर